शेगडी आत कोणी नेली

आमराई तांडा, फुलसावंगीजवळ
२० डिसेंबर २०२४

ति. शीलाबाईले राखीचा रामराम.

मी सुखरूप पोचली. वणीहून इथपर्यंत बसून बसून कंबर धरली, बाकी ठीक आहे. तुमच्या भावानं वाटेत दोनदा गाडी थांबवून पाणी पाजलं.

फोन सोडून चिठ्ठी काहून लिहून राह्यली, असं तुम्हाले वाटन. फोन तुमच्या भावाच्या खिशात असते, अन् रेंज पायजे तर तांड्याच्या नाईकाच्या घरामागच्या टेकडीवर चढा लागते. तिथी दहा कान. मले जे सांगायचं आहे ते दहा जणांसमोर सांगायची लाज वाटते. अंगणवाडीच्या सुखीबाई रोज फुलसावंगीले जातात, त्या पोस्टात टाकतो म्हणल्या. तुम्हीही त्यायच्याच नावानं पाठवा.

शीलाबाई, मले माफ करा. नणंद असून तुम्ही माझं आईवाणी केलं. रक्त कमी आहे, तांड्याहून दवाखाना दूर पडते, म्हणून सहाव्या महिन्यात मले वणीले तुमच्या घरी नेलं. मागची खोली रिकामी करून देली. अन् मी काय केलं? दगडी कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत नेऊन झोपली. बारावी शिकलेली बाई मी.

मले त्या दिवसाचं आठवत नाही. सकाळपासून आभाळ होतं, वारा झोंबत होता, मी डोक्यावरून आंघोळ केली अन् मले हिव भरलं. तुम्ही केसाले टॉवेल बांधून देला. एवढं आठवते. त्याच्यापुढं सीधा दवाखाना, नाकावर मास्क अन् तुमचं रडणं. मधले घंटे कोणी कापून नेल्यासारखे. मी बम जोर देऊन पाह्यला. शेगडी उचलली तर कुठी तरी चटका बसला असन म्हणून तळहात उलटेपालटे करून पाहते. काही नाही. पण तुम्ही दळणाले गेलत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. मग मीच.

डॉक्टर बोलले ते घरी मीच सांगतलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण आईची हवा कमी पडली तशी त्याचीही पडली. डोक्यावर काही परिणाम झाला का, ते जन्मल्यावरच समजन. तुमच्या याडी, माझ्या सासूबाई, चूल फुंकत होत्या. माझ्याकडं न पाहता म्हणल्या, "जनावरबी धुरात बसत नाई, पोरी. बाहेर पळते." खरंच तर आहे.

तुमच्या दारात गल्ली गोळा झाली. संजयभाऊजीले ट्रक सोडून या लागलं. तुम्ही तीन दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपल्या. हे सारं माझ्यापायी. मी तुमच्या पाया पडते.

तुमची
राखी

•

वणी
२८ डिसेंबर २०२४

चि. राखीस अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी भेटली. माफी कायची मागून राह्यली? असं पुन्हा लिहू नको. मले लिहायची सवय नाही, हा पाचवा कागद आहे. आधीचे चार फाडले.

आता मी सांगतो ते कान देऊन ऐक. थंडी अजून महिनाभर तरी हटणार नाही. सकाळी ऊन अंगणात उतरल्याशिवाय आंघोळ करू नको. डोक्यावरून करायची तर दुपारी, अन् केस वाळेपर्यंत उन्हातच बसजो. थंडीत तहान लागत नाही, अन् घडीघडी उठून बाहेर जा लागते म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग लघवीले जळजळ होते, ताप येते, वेळेआधी कळा येतात. दवाखान्यातल्या सिस्टरनं मले हे दोनदा सांगतलं. पाणी कोमट करून तांब्याभर उशाशी ठेवजो.

रक्ताची गोळी चहासंग घेऊ नको. लिंबाच्या पाण्यासंग घे. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपडे दोन-तीन घाल, गरम झालं की एखादं काढता येते. मोजे घाल पण घट्ट नको. डाव्या कुशीवर झोप. पोटाले खाज सुटली तर नखं लावू नको, खोबऱ्याचं तेल चोळ. याडी डिंकाचे लाडू परातभर करन. तू एकच खाजो, नाहीतर छातीत जळजळ होते. मेथी, बाजरीची भाकर, तीळ, गूळ, हे सारं चालते. ज्याले खोकला आहे त्याच्याजवळ बसू नको, मग तो तुझा बादल का असेना. अन् दर पंधरा दिवसानं उपकेंद्रात जाऊन बीपी पाहून घे.

तुझ्यासाठी स्वेटर अन् तीन जोड मोजे पार्सल केले आहेत. निळा आहे, तुले शोभन.

शेगडीचं मनात आणत जाऊ नको. होऊन गेलं ते गेलं. घरात कोणी काही बोललं तर ऐकून घे अन् सोडून दे. लोक विसरतात.

शीला

•

आमराई तांडा
८ जानेवारी २०२५

ति. शीलाबाईले रामराम.

स्वेटर भेटला. निळा रंग पाहून डोळ्यात पाणी आलं. माझ्या हातून एवढं होऊनही तुम्ही माझ्यासाठी लोकर निवडत बसल्या.

तुम्ही सांगतलं ते करायचं मनात आहे, पण साऱ्या गोष्टी होत नाहीत. मी घरात झोपत नाही, बाहेर ओसरीवर झोपते. घरात चूल आहे. विझलेली असते, मले माहीत आहे, पण दार लावलं की माझा जीव घाबरा होते. ओसरीले एकीकडून ताडपत्री आहे, दुसरीकडून वारा येते. दोन गोधड्या, तुमचा स्वेटर अन् मोजे. तरी सकाळी बोटं लाकडासारखी होतात. आता खोकलाही लागला. सासूबाई दोनदा "आत ये" म्हणल्या, मग म्हणणं सोडलं. शेजारी सारे शेकत बसतात तिथी मी जात नाही. मी गेली की एकमेकायकडं पाहतात अन् कोणी तरी हसते.

उपकेंद्रात एकदा गेलती. रांगेत बाया होत्या. एक दुसरीले म्हणली, "हेच का वं ते शेगडीवाली?" दुसरी म्हणली, "हळू बोल, ऐकते ते." शीलाबाई, माझं नाव आता तेच झालं. शेगडीवाली. कापूस वेचायले येणाऱ्या बायाही तेच म्हणतात. मी नंबर सोडून घरी आली. नर्सबाईले निरोप देला की कंबर दुखते.

तुमचे भाऊ बोलत नाहीत. मारत नाहीत, रागावत नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवतात अन् उठून जातात. परवा माझ्या पोटात बाळ एवढं जोरात फिरलं, मी म्हणली, "हात लावून पाहता का?" त्यायनं हात पुढं केला अन् मागं घेतला. म्हणले, "जगू दे त्याले म्हणजे झालं."

त्यायचं काय चुकलं? मीच माझ्या लेकराची वैरी निघाली.

राखी

•

वणी
१४ जानेवारी २०२५

चि. राखीस आशीर्वाद.

आज संक्रांत. तीळगूळ पाठवता आला असता पण त्याच्याआधी चिठ्ठी पोचू दे.

तू ओसरीवर झोपू नको. तुझ्या पाया पडतो, आत झोप. दार उघडं ठेव, खिडकी उघडी ठेव, चुलीतली राख बाहेर टाकून ये, पण आत झोप. आठव्या महिन्यात छातीत कफ भरला तर बाळंतपणात श्वास पुरत नाही. अन् उपकेंद्रात जा. कोणी काही म्हणो. बीपी वाढलं तर वरून समजत नाही. चेहऱ्यावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यापुढं चमकणं, असं काही वाटलं तर त्याच दिवशी बादलले सांग.

एक गोष्ट सांगायची राह्यली. ते शेगडी मी पेटवलती. अंगणात. तुले हिव भरलं होतं म्हणून. दळणाले जाताना मी तुले बजावून जा पायजे होतं की इले आत नेऊ नको. मी बजावलं नाही. तर अर्धी चूक माझी आहे. तू सारं आपल्या डोक्यावर घेऊ नको. घरात हे सांग. सांग की शीलानं पेटवून ठेवलती.

मी याच्यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

शीला

•

आमराई तांडा
२४ जानेवारी २०२५

ति. शीलाबाईले रामराम.

तुमची चिठ्ठी मी सासूबाईले वाचून दाखवली. त्यायनं ऐकून घेतलं अन् म्हणल्या, "शीला लहानपणापासून अशीच आहे. दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घेते." तुमचे भाऊही तिथीच बसले होते. ते म्हणले, "बाई तिले वाचवाले पाहून राह्यली." मलेही तेच वाटते. तुमचं मन मोठं आहे, पण माझं ओझं मले उचलू द्या. अंगणात शेगडी पेटवणं हे काही चूक नाही. सारं जग पेटवते.

आता मी आत झोपते, दार उघडं ठेवून. उपकेंद्रातही गेलती, तोंडाले पदर लावून. बीपी ठीक आहे. रक्त नऊ आहे. खोकला कमी झाला.

दुसरी गोष्ट मोठी आहे. परवा माझे बापू आलते, मले बाळंतपणाले माहेरी न्यायचं पाहायले. तेव्हा घरात बोलणं झालं. सासूबाई म्हणल्या, हिच्या हाती लेकरू कसं द्यायचं, उद्या तव्यावर ठेवन. मग तुमचे भाऊ म्हणले, तेरा वर्षं झाली, शीलाबाईची ओटी रिकामी आहे, अन् या बाळाले मरणाच्या दारातून बाईनंच ओढून आणलं. ते त्यायलेच देऊ. सव्वा महिना राखी पाजन, मग वणीले नेऊन देऊ. राखीले पुढं दुसरं होईन.

माझे बापू खाली मान घालून बसले होते. त्यायनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणली, मले मंजूर आहे.

शीलाबाई, मी रुसून नाही म्हणली. मले खरंच वाटलं की तुमच्याजवळ ते सुखरूप राहीन. तुम्ही घरात शिरल्या नसत्या तर आज ते नसतं. ते तुमचंच आहे. फक्त दिवाळीले अन् होळीले मले पाहू देत जा.

होकार कळवा. सासूबाई वाट पाहून राह्यल्या.

राखी

•

वणी
३ फेब्रुवारी २०२५

राखी,

तुझी चिठ्ठी येऊन आठ दिवस झाले. पहिले चार दिवस मी खुश होती. हे सारं सांगायच्या आधी लिहितो, कारण याचीच मले सर्वात जास्त लाज वाटते. मी बाजारात गेली अन् दोन पिवळी झबली आणली. संजयले दाखवली नाहीत. तांदळाच्या कोठीत, वर थाळी झाकून ठेवली. संजय ट्रकवर गेला की काढून पाहायची.

पाचव्या दिवशी झबल्याची घडी घालता घालता मनात आलं, हे पोर मोठं होऊन विचारन, माझ्या आईनं मले काहून देलं? मग मी काय सांगू? तिनं तुले बंद खोलीत कोंडलं होतं, म्हणून? हे वाक्य मी तोंडातल्या तोंडात बोलून पाह्यलं. बोलता आलं. अडखळलीही नाही. त्याचंच मले भेव वाटलं.

राखी, शेगडी तू आत नेली नाही. मी नेली.

तुले हिव भरलं होतं. मी तुले खाटेवर निजवलं, दोन गोधड्या टाकल्या, तरी तुझे दात वाजत होते. मी अंगणात शेगडी पेटवली. कोळसा लाल होऊ देला. धूर गेला की शेगडी साफ झाली, असं मी लहानपणापासून ऐकत आली. मीच उचलून तुझ्या खाटेशी ठेवली. खिडकीच्या फटीतून वारा येत होता, तिच्यात मी जुनं लुगडं कोंबलं. तू म्हणली, "शीलाबाई, खिडकी थोडी राहू द्या." मी म्हणली, "गप नीज, बाळाले थंडी लागन." मग बाहेरून दार ओढून दळणाले गेली. चक्कीवर लाइट गेलती. मी तिथी बायायसंग गप्पा करत बसली. अडीच घंटे.

आली तेव्हा तुझे गाल लाल होते. मले वाटलं चांगली झोप लागली. हाक मारली. हलवलं. तुझी मान लटकली. मग मी ओरडली.

गल्ली धावून आली. तुले ऑटोत घालून राह्यले होते तेव्हा समोरची बाई मले म्हणली, "शेगडी आत कोणं नेली वं, शीला?" तिनं साधंच विचारलं असन. पण ते नजर मी तेरा वर्षांपासून ओळखतो. गल्लीत कोणाची ओटी भरायची असली की मले बोलावत नाहीत. कोणाचं तान्हं मी उचललं की त्याची आई दोन मिनिटात काही तरी कारण काढून घेऊन जाते. माझी दोन पडली, तिसरं राह्यलं नाही, ते साऱ्यायले माहीत आहे. मले वाटलं, आता हे म्हणन, भावजयीचं पोट पाहवलं नाही हिले. अन् माझ्या तोंडातून निघालं, "तिनंच नेली असन. मी तर दळणाले गेलती."

डॉक्टरनं विचारलं तेव्हाही तेच सांगतलं. संजयले तेच. बादलले तेच. तू शुद्धीवर आली अन् तुले काही आठवत नाही म्हणली, तेव्हा मी तुझ्या उशाशी बसली होती. देवाशपथ सांगतो, मले बरं वाटलं.

शेगडी ठेवताना माझ्या मनात पाप नव्हतं. तुले गरम ठेवायचं, बस एवढंच होतं. पण खोटं बोलली तेव्हा पाप होतं. अन् तू ओसरीवर कुडकुडत झोपते हे वाचूनही मी अर्धंच खरं लिहिलं, तेव्हा त्याच्याहून मोठं होतं.

काल संजयले सारं सांगतलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणला, "राखीले सांग. मले सांगून काय फायदा?"

बाळ तुझं आहे. मले नको. मले पायजे आहे, पण नको.

शीला

•

द्वारा रामसिंग राठोड, पांढरकवड्याजवळ
९ फेब्रुवारी २०२५

शीलाबाई,

मी माहेरी आली आहे. तुमची चिठ्ठी सुखीबाईनं दुसऱ्या पाकिटात घालून इकडं पाठवली.

पहिले वाचली तेव्हा मले एकदम हलकं वाटलं. मी उठून अंगणात दोन चकरा मारल्या. माझी आई म्हणली, काय झालं, हसून काहून राह्यली? मग दुसऱ्यांदा वाचली. मी खिडकी राहू द्या म्हणली होती, हे वाचून मी थांबली. दोन महिने मी स्वतःले जनावराहून हलकी समजली अन् मी खिडकी राहू द्या म्हणली होती.

तुम्ही किती रडल्या ते मले लिहू नका.

ही चिठ्ठी मी कोणाले दाखवली नाही, दाखवणारही नाही. मी दाखवली तर राखीनं नणंदेले उघडं पाडलं, असं होईन. १५ तारखेले सेवालाल महाराजायची जयंती आहे. तांड्यातले सारे येतात, पुण्याले गेलेलेही येतात. ज्यायनं मले शेगडीवाली म्हणलं ते सारे तिथी असतात. तुम्ही जा अन् तुमच्या तोंडानं सांगा. मी नसीन. मले ते पाहायचं नाही. नंतर मले लिहा, काय सांगतलं अन् कोण काय म्हणलं. कमी-जास्त करू नका.

बाळ मी देणार नाही.

राखी

•

वणी
१८ फेब्रुवारी २०२५

राखी,

गेलती. सांगतलं. तू म्हणली तसं जसंच्या तसं लिहितो.

मी अन् संजय आदल्या दिवशीच पोचलो. मले वाटलं, पहिले याडीले सांगावं. ती जयंतीच्या भोगासाठी तूप काढत होती. मी सांगतलं. तिनं हात थांबवला नाही. म्हणली, "झालं ते झालं. आता चव्हाट्यावर कायले आणतं? राखीची बदनामी महिन्या-दोन महिन्यात मिटते, तिले लेकरू होणार आहे. तुले काय आहे? तुझी बदनामी तुझ्यासंग मसणात जाईन." ती माझ्या भल्याचंच बोलत होती, राखी. मी ऐकलं अन् खरं सांगतो, वाटलं, याडीचं ऐकावं, सकाळच्या बसनं निघून जावं.

सकाळी देवळापुढं सारे जमले. झेंडा लागला, भोग झाला, हात जोडून अरदास झाली. प्रसाद वाटायच्या आधी मी नाईकाजवळ गेली. हिरासिंगकाका तुले माहीत आहेत, कमी ऐकतात. मी म्हणली, मले बोलायचं आहे. ते म्हणले, "देणगी द्यायची हाय का?" लोक हसले. मी म्हणली, नाही, गुन्हा सांगायचा आहे. ते ऐकू न आल्यानं मले तो शब्द तीनदा मोठ्यानं बोला लागला. तिसऱ्यांदा बोलली तोपर्यंत सारा तांडा गप झाला होता.

मी सारं सांगतलं. लुगडं कोंबलं तेही. खिडकीचं तू म्हणली तेही. झबल्यायचं सांगतलं नाही, ते माझ्यानं झालं नाही.

मागून कोणी तरी बाई बोलली, "पोटात जळत असन तिच्या, म्हणून." ज्या बोलण्याच्या भेवानं मी तुले बुडवलं, ते मले ऐकाच लागलं. ऐकलं. मेली नाही. संजय बायायच्या बाजूले येऊन माझ्याजवळ उभा राह्यला.

हिरासिंगकाका म्हणले, "पोरी, हे दोन महिन्यांआधी बोलाचं होतं." मी हो म्हणली. मग ते तांड्याकडं वळून म्हणले, "रामसिंगच्या पोरीले आजपासून कोनं तसं नाव ठेवलं तर माझ्याशी गाठ हाय."

बादल जाग्यावरून उठला अन् टेकडीकडं निघून गेला. मी मागं गेली. तो दगडावर बसला होता. म्हणला, "ती हात लाव म्हणली होती, बाई. मी मागं घेतला." मी त्याच्याजवळ बसाले गेली तर म्हणला, "तू जा इथून. तुझ्यावर हात उठन माझा." मी आली निघून. दुसऱ्या दिवशी तो पांढरकवड्याच्या बसमध्ये बसला, असं सुखीबाईनं सांगतलं. तुझ्याजवळ पोचला असन.

याडीनं माझ्याकडं पाठ फिरवली. प्रसादाचा द्रोण तिनं संजयच्या हातात देला.

एवढंच. माफी मागत नाही. मागाले तोंड नाही.

शीला

•

पांढरकवड्याजवळ
२४ मार्च २०२५

शीलाबाई,

तुमची चिठ्ठी येऊन महिना झाला. उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून देलं नाही.

मले १६ तारखेले मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, दुपारी सव्वाबारा वाजता. दोन किलो सातशे ग्रॅम. बाहेर आल्यावर ती लगेच रडली नाही. सिस्टरनं तळपायाले टिचक्या मारल्या, पाठ चोळली. मी तेवढ्या वेळात काय काय कबूल करून बसली, देवाले माहीत. मग रडली, अन् अशी रडली की सिस्टरच म्हणली, पुरे वं माय.

तुमचे भाऊ इथी आले तेव्हा बापूनं त्यायले ओसरीवर बसवलं. मी दोन दिवस बाहेर निघाली नाही. तिसऱ्या दिवशी ते दाराशी येऊन म्हणले, "राखी, मले बोलता येत नाई, पण मी इथीच हावो." बापूच्या तुरीचं खळं त्यायनंच काढलं. आता पोरीले घेऊन बसतात, तासन् तास. मले पाहून मान खाली घालतात. मी बोलते त्यायच्याशी, पण पहिल्यासारखं नाही. सासूबाई पाचवीले आल्या. माझ्यासाठी लुगडं आणलं, पोरीले मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, अन् जाताना म्हणल्या, "माह्या जिभेले हाड नाई, पोरी." मी पाया पडली.

मले माझी स्वतःचीही लाज वाटते, शीलाबाई. तुम्ही खोटं बोलल्या, लोकायनं मले नाव ठेवलं, हे खरं. पण बाळ देऊन टाकतो म्हणायले मले कोणी मारलं नव्हतं. एका बैठकीत मी हो म्हणली. रात्रंदिवस पोटात लाथा मारत होती ती, अन् मी हो म्हणली. पोरगी दूध पिताना माझ्याकडं एकटक पाहते, तेव्हा हे आठवते. हे मी आईलेही सांगतलं नाही. तुम्हाले लिहून राह्यली, कारण तुमच्यापुढं चांगलं दिसायची मले गरज उरली नाही.

तुम्हाले माफ केलं, असं मी लिहू शकत नाही. पुढं करीन का, माहीत नाही. सकाळी उठते तेव्हा कधी वाटते करावं, अन् दुपारी तिचा डोळा जरा तिरपा फिरला की वाटते, कधीच नाही.

डॉक्टर म्हणाले, आता तरी काही दिसत नाही. पण दर महिन्याले आणा. उजेडाकडं पाहते का, आवाजाले दचकते का, मान कधी धरते, हे पाहत राहा लागन. वर्षभर तरी. पहिली तपासणी ७ एप्रिलले आहे, सकाळी नऊ वाजता. तुमचे भाऊ येतो म्हणतात, पण डॉक्टर काही वाईट बोलले तर ते माझ्याआधी रडतील, अन् मग मले त्यायले सांभाळा लागन. आई घाबरट आहे. मले तिथी असं माणूस पायजे की ज्याच्यासमोर मी ओरडली, भांडली, शिव्या देल्या तरी ते उठून जाणार नाही.

वणीहून सकाळची पहिली बस धरली तर साडेआठले पांढरकवड्याले उतरता येते. मी स्टँडवर येणार नाही, सीधी दवाखान्यात भेटीन, लहान मुलायच्या खोलीबाहेर बाकडे आहेत तिथी.

तुम्ही या. तिले तुमच्या हातात द्यायचं का नाही, ते मी तिथी ठरवीन.

राखी